अपरिचित स्थळ, बांधकाम भक्कम

आप्पांच्या मुलीला जुळं झालं त्या वर्षीची ही गोष्ट. नातवंडं दूरच्या शहरात आणि आजी-आजोबा इथे, म्हणून जावयाने आप्पांना मोठ्या पडद्याचा फोन पाठवला. नातवंडांनी पडद्यावर तोंड दाखवायचं आणि म्हाताऱ्यांनी इकडून टाळ्या वाजवायच्या, एवढाच त्याचा उपयोग ठरला होता. पण माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ते काही उगीच नाही. इथलं माकड सेवानिवृत्त होतं आणि चष्मा लावत होतं, एवढाच काय तो फरक.

आप्पांचा सगळा जन्म एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासण्यात गेला. गल्लीत त्यांना पाठीमागे 'वेलांटी' म्हणत. दुकानाच्या पाटीवर 'दुध' असं ऱ्हस्व दिसलं की त्यांचा हात खिशातल्या पेन्सिलीकडे जायचा. दुधात पाणी असलं तर ते एक वेळ चालवून घेत, पण दूध दीर्घच पाहिजे. एकदा त्यांच्या सुट्टीच्या दिवशी पहिल्या पानावर 'नगराध्यक्ष भेटले' ऐवजी 'नगराध्यक्ष पेटले' असं छापून आलं आणि आगीचा बंब निघाला. तेव्हापासून आप्पांनी सुट्टी घेणं सोडलं. "माझ्या हातून चूक सुटली नाही," हे वाक्य ते निवृत्तीच्या दिवशी बोलले आणि त्यानंतर रोज बोलत.

रोज बोलायला हरकत नव्हती, कारण माईंना ते ऐकू येत नसे. माई म्हणजे आप्पांच्या पत्नी. दोन वर्षांपूर्वी त्यांचे कान हळूहळू बसले. डॉक्टरांनी कानाचं यंत्र दिलं, पण त्यातून चमचा पडल्याचा आवाज तोफेसारखा यायचा आणि नवऱ्याचा आवाज डासासारखा. माईंनी ते कपाटात ठेवून दिलं. मग आप्पांनी ओरडायला सुरुवात केली. "औषध घेतलंस का?" असं आप्पांनी विचारलं की वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क खिडकीतून सांगत, "हो, आत्ताच घेतलं!" माणसाला बायकोशी जे बोलायचं असतं त्यातलं निम्मं ओरडून बोलता येत नाही. त्यामुळे घरात हळूहळू फक्त औषधं, दार आणि गॅस एवढ्याच विषयांवर बोलणं उरलं होतं.

अपवाद एकाच जागेचा होता, तो म्हणजे घुमट.

बस डेपोच्या मागे, जुन्या टायरांच्या ढिगाआड एक दगडी घुमट होता. कोणी म्हणे ते जकातीचं नाकं, कोणी म्हणे मिठाचं कोठार. आतून अष्टकोनी, वर गोल छत. डेपोतले लोक तिथे सायकली लावत. एकदा पावसाच्या सरीत आप्पा आणि माई आडोशाला आत शिरले. बसायला कोरडी जागा दोनच, त्याही समोरासमोरच्या कोपऱ्यांत. आप्पा आपल्या कोपऱ्यात स्वतःशीच पुटपुटले, "हिला भिजायचं नव्हतं तर छत्री का नाही घेतली?" आणि समोरच्या कोपऱ्यातून माई म्हणाल्या, "छत्री तुम्ही घ्यायची होती."

आप्पा दचकले. पुन्हा हळूच म्हणाले, "ऐकू येतंय तुला?"

"कानात बोलल्यासारखं येतंय," माई म्हणाल्या आणि त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं, कारण त्यांना रडू येत होतं आणि ते दाखवायचं नव्हतं.

त्या छताच्या गोलाईची काहीतरी करामत होती. एका कोपऱ्यात बोललेलं समोरच्या कोपऱ्यात जसंच्या तसं, किंबहुना जरा मोठंच होऊन पोचे. तेव्हापासून दोघं रोज संध्याकाळी घुमटात जात. दोघांत सायकली उभ्या आणि दोन्ही टोकांना म्हातारा-म्हातारी हळू आवाजात गप्पा मारताहेत. डेपोतले ड्रायव्हर त्यांना वेडे समजत, पण संध्याकाळच्या वेडाला कोण हरकत घेतो!

मग एका सकाळी घुमटाच्या दारावर बांधकाम खात्याचा कागद चिकटला. वास्तू वापरात नाही, सबब पाडून तिथे बसगाड्यांसाठी जागा करण्यात येईल.

आप्पांनी आधी कागदातल्या शुद्धलेखनाच्या चुका पेन्सिलीने सुधारल्या आणि मग खाली बसले.  घरी येताना माईंनी आप्पांचा हात धरला. रस्त्यात हात धरण्याची त्या घराण्यात पद्धत नव्हती.

आप्पा बांधकाम खात्यात गेले, तिथले इंजिनिअर भले गृहस्थ निघाले. म्हणाले, "आजोबा, तिथे कोणी येतच नाही. लोक येत असते तर मी कशाला पाडलं असतं? नगरपालिकेने ते फोनवरचं नवीन काढलंय ना, 'वाटाड्या'? प्रवाशांना आडबाजूच्या जुन्या जागा दाखवतं. त्याच्यावर नोंद करा. पुढच्या महिन्यात मी पाहणीला येणार आहे. चार माणसं येताना दिसली तर बघू."

हेडक्लार्कांनी जिन्यातच सल्ला दिला. या गृहस्थांना सगळे 'परिपत्रक' म्हणत, कारण ते कोणत्याही प्रश्नाचं उत्तर 'संदर्भ' या शब्दाने सुरू करत. "संदर्भ, तुमचा घुमट. फोनच्या नादी लागू नका आप्पा. आधी कचेरीत जाऊन तोंडी विचारा. तोंडी नकार मिळाल्याशिवाय लेखी अर्जाला वजन येत नाही."

म्हणून आप्पा नगरपालिकेच्या वारसा कक्षात गेले. हा कक्ष जिन्याखाली होता. आत एक बाई, एक टेबल आणि एक कुंडी. कुंडीतलं झाड वारसा म्हणून जपलेलं दिसत होतं, म्हणजे वाळलेलं होतं.

"वाटाड्यावर फक्त अपरिचित स्थळं घेतो आम्ही," बाई म्हणाल्या. "तुमचं स्थळ अपरिचित कशावरून?"

"कोणालाच माहीत नाही."

"कोणालाच माहीत नाही, हे तुम्हाला कसं माहीत?"

"विचारलं ना लोकांना."

"विचारलंत? म्हणजे त्यांना सांगितलंत. मग आता ते परिचित झालं की."

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. चाळीस वर्षं लोकांची वाक्यं दुरुस्त केलेल्या माणसाला या वाक्यात चूक कुठे आहे ते सापडेना. शेवटी ते म्हणाले, "बाई, तुम्हाला तो घुमट माहीत आहे?"

"नाही बुवा."

"मग झालं तर. वारसा कक्षालाच माहीत नाही. याहून अपरिचित काय असणार?"

बाई हसल्या. हसल्यामुळे त्यांचाच नाइलाज झाला. "बरं, करा नोंद. घरूनच होते. नुसतं फोनमध्ये बोलायचं, तो लिहून घेतो."

घरी येऊन आप्पांनी फोन टेबलावर उभा केला आणि समोर इस्त्रीचा सदरा घालून बसले. फोन प्रश्न विचारी, आप्पा उत्तर देत. ऱ्हस्व-दीर्घ मात्र ते स्वतः तपासत. फोनने 'जूने' लिहिलं, त्यांनी 'जुने' केलं. फोनने 'दूर्लक्षित' लिहिलं, त्यांनी 'दुर्लक्षित' केलं. 'डागडुजी'वर तर दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी मजकूर असा निर्दोष झाला की आप्पांना स्वतःचाच हेवा वाटला. खाली चौकशीसाठी आपला नंबर देऊन त्यांनी बटण दाबलं.

छापखान्यात नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात, मथळा आधी वाच. बारीक अक्षरातली चूक सगळे पकडतात. मोठ्या अक्षरातली कोणालाच दिसत नाही, कारण तिथे चूक असेल असं कोणाच्या मनातच येत नाही. घुमटाला नाव नव्हतं. 'स्थळाचे नाव' हा रकाना आप्पांनी रिकामा सोडला होता, आणि फोनने तिथे आपल्या बुद्धीने फोनच्या मालकाचं नाव घातलं होतं. आप्पांनी मथळा वाचला नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी पहिला फोन आला. एका बाईंचा आवाज होता.

"वाटाड्यावर पाहिलं. स्थळ अजून आहे ना?"

"आहे की!" आप्पा आनंदाने उभेच राहिले. "पण लवकर पाहून घ्या. पुढच्या महिन्यानंतर राहील याची खात्री नाही."

"अगं बाई! इतकं काय झालंय?"

"तसं काही नाही. वरचे पापुद्रे गेलेत. पाया मात्र ठणठणीत."

"वय काय म्हणायचं?"

"नक्की कोणीच सांगत नाही. पण तीनशेच्या आत नाही."

पलीकडून हसू ऐकू आलं. "विनोदी दिसता. आमच्या मावशीला विनोदी माणसं फार आवडतात. आधी आम्ही दोघी बहिणी येऊन पाहतो. पसंत पडलं तर मावशीला आणू."

"जरूर आणा. दाखवायला माझी पत्नी असेलच बरोबर."

"पत्नी?"

"हो, रोज संध्याकाळी आम्ही दोघं तिथेच असतो."

फोन आपटल्याचा आवाज आला. आप्पांना वाटलं, रेंज गेली.

संध्याकाळपर्यंत असे बरेच फोन आले. एका गृहस्थांनी "हे पहिलंच का?" असं विचारलं, तेव्हा आप्पा म्हणाले, "छे, याच्या जोडीला अजून दोन होती, ती पडली." गृहस्थांनी सहानुभूती व्यक्त केली. एकाने पगार विचारला. आप्पांनी "प्रवेश विनामूल्य" असं सांगितलं. वधूवर मंडळाच्या संचालिकेने तर दम भरला, "आमच्याकडे नाव न नोंदवता परस्पर स्थळं दाखवता? या वयात?"

'या वयात' हे शब्द आप्पांना लागले. घुमटाचं वय आणि आपलं वय यांत लोकांची गल्लत होते आहे, अशी पहिली शंका तिथे आली.

शंकेचं निरसन परिपत्रकांनी केलं. ते जिन्यात फोन हातात धरून उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर माणसाला शेजाऱ्याच्या अब्रूचं काही कळलं की येतं तसं तेज होतं.

"संदर्भ, तुमची जाहिरात," ते म्हणाले. "डेपोसमोरून जाताना माझा फोन वाजला. वाचू?" आणि त्यांनी वाचलं. सुरुवातीला मोठ्या ठळक अक्षरांत आप्पांचं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. त्याखाली: "आपल्या जवळच एक अपरिचित स्थळ! जुने, पण भक्कम. वर्षानुवर्षे दुर्लक्षित. वरून खडबडीत, आतून पोकळ. थोडी डागडुजी केल्यास अनेक वर्षे टिकेल. हळू बोललेलेही नीट ऐकून घेते. संध्याकाळी अवश्य भेट द्यावी."

आप्पा जिन्याच्या पायरीवर बसले. चाळीस वर्षांत सुटली नाही ती चूक अशी सुटली होती की ती आता गावभर प्रत्येकाच्या खिशात वाजत होती.

"आप्पा, मी म्हणतो, काय वाईट लिहिलंय?" परिपत्रक म्हणाले. "शुद्धलेखन तर अगदी चोख आहे."

माई दारात आल्या. "काय झालं?"

"काही नाही!" आप्पा ओरडले.

"काय?"

"माझं नाव आलंय! स्थळ म्हणून!"

"कोणाचं स्थळ?"

"माझं!!"

खालच्या मजल्यापासून गच्चीपर्यंत सगळी दारं उघडली. मग आप्पांना तो मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत ओरडून ऐकवावा लागला. माईंनी लक्ष देऊन ऐकला. 'आतून पोकळ'ला त्यांनी मान डोलावली. 'वर्षानुवर्षे दुर्लक्षित'ला मात्र थांबवलं.

"दुर्लक्षित? कोणी दुर्लक्ष केलं हो तुमच्याकडे? सकाळच्या चहापासून रात्रीच्या गोळीपर्यंत!"

"अगं, ते घुमटाबद्दल आहे!"

"मग घुमटाच्या डोक्यावर तुमचं नाव कशाला?"

 दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पा वारसा कक्षात गेले. बाईंनी नोंद वाचली, पदर तोंडाला लावला, खिडकीबाहेर पाहिलं आणि मग म्हणाल्या, "नाव बदलता येत नाही. स्थळाच्या नावात दुरुस्ती स्थळाच्या मालकाच्या संमतीनेच होते. मालक कोण?"

"डेपो म्हणतो बांधकाम खातं, बांधकाम खातं म्हणतं डेपो."

"मग नाही होणार. नोंद पूर्ण काढून टाकता येईल. पण काढली की आलेल्या माणसांची मोजणीही जाणार. तुमचा घुमट पुन्हा कोणी न येणारा." त्यांनी फोन आप्पांच्या पुढे धरला. "आणि खरं सांगू का, या गावातल्या सगळ्या जुन्या जागांना मिळून जेवढी माणसं गेली नाहीत, तेवढी एकट्या तुमच्या स्थळाला येऊन गेलीत. त्यांना काय दिसलं ते देव जाणे. पण आली."

आप्पा घरी न जाता घुमटाकडे गेले. माई आपल्या कोपऱ्यात आधीच बसल्या होत्या. आप्पा समोर बसले आणि हळू आवाजात त्यांनी सगळं सांगितलं. नाव ठेवलं तर अब्रू जाते, काढलं तर घुमट जातो.

"गावभर हसताहेत मला," आप्पा म्हणाले. "भाजीवाला आज 'काय नवरदेव' म्हणाला. शाईची बोटं झिजवून कमावलेलं नाव आहे ते."

 मग माई म्हणाल्या, "तुमचं नाव मोठं आहे हे खरं. पण दोन वर्षं घरात मला ते कोणी घेतलेलं ऐकू येत नाही. इथे मला तुम्ही खोकलात तरी कळतं." आणि जरा थांबून, "राहू दे ना नाव. बघायला आलेल्यांना मी सांगीन, हे स्थळ गेलेलं आहे म्हणून."

आप्पांनी नोंद काढली नाही.

त्यानंतरचे दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. ते रोज इस्त्रीचा सदरा घालून घुमटाच्या दारात उभे राहत. लोक येत, वरपासून खालपर्यंत बघत. काही आप्पांना बघत, काही घुमटाला. "स्थळ कुठे आहे?" असं कोणी विचारलं की आप्पा मान ताठ ठेवून आत बोट दाखवत. आत गेल्यावर मात्र गंमत व्हायची. विनोदी माणसं आवडणारी मावशी भाच्यांबरोबर आलीच. ती एका कोपऱ्यात आणि भाच्या समोरच्या कोपऱ्यात. भाच्या कुजबुजल्या, "मावशीचं एकदा कुठे जमलं की आपण मोकळ्या." मावशी तिकडून म्हणाली, "मी तर तुम्ही जन्मल्यापासून मोकळी व्हायची वाट बघतेय!" तिघी इतक्या हसल्या की डेपोतले मेकॅनिक धावत आले. दुसऱ्या दिवशी मावशी आपल्या सगळ्या मैत्रिणींना घेऊन आली. मग खरोखरच लग्न ठरवणारी कुटुंबं येऊ लागली. मुलाकडच्यांना एका कोपऱ्यात बसवायचं, मुलीकडच्यांना समोर, आणि वाट बघायची. थोड्याच वेळात दोन्ही बाजूंना एकमेकांची खरी मतं कळत. काही लग्नं तिथेच मोडली. जी टिकली ती पक्की झाली. ज्या संचालिकेने दम भरला होता ती आता जोडपी पाठवू लागली. परगावचे पाठीवर पिशव्या घेतलेले प्रवासीही रस्ता विचारत येऊ लागले, कारण वाटाड्यावर कोणीतरी शेरा लिहिला होता, "स्थळ वृद्ध आहे, पण अवश्य पाहावे."

परिपत्रक रोज सल्ला द्यायला येत आणि रोज सायकली हलवून ठेवत. हा माणूस हाताने काही करू शकतो हे इमारतीला पहिल्यांदाच कळलं.

पाहणीच्या दिवशी इंजिनिअर आले तेव्हा घुमटात मुंगी शिरायला जागा नव्हती. इंजिनिअरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. वरून हुकूम आला होता, आणि बसगाड्यांच्या जागेचा नकाशाही तयार होता. ते सहायकाला घेऊन एका कोपऱ्यात गेले आणि भिंतीकडे तोंड करून त्याच्याशी हळूच बोलू लागले. तो कोपरा नेमका आप्पांचा होता.

समोरच्या कोपऱ्यातून माईंचा आवाज खणखणीत आला. "तडे नाहीत म्हणतोय ना तो मुलगा! मग 'शोधून काढ' काय? नाही सापडले तर घरून आणणार का?"

 इंजिनिअर वळले. त्यांच्या आणि माईंच्या मध्ये पंधरा-वीस माणसं उभी होती आणि त्यांतल्या एकालाही काही ऐकू गेलं नव्हतं.

"आजोबा," इंजिनिअर लाल होत म्हणाले, "आजींना ऐकू येत नाही ना?"

"नाही येत," आप्पा म्हणाले. "कुठेच नाही येत. इथे येतं. म्हणून तर."

एवढंच ते बोलू शकले.  मुद्रितं तपासणाऱ्याला दुसऱ्याचं वाक्य पुरं करता येतं, स्वतःचं येईलच असं नाही.

इंजिनिअरांनी सहायकाला माईंच्या शेजारी उभं केलं आणि स्वतः भिंतीशी काहीतरी पुटपुटले. सहायक तिकडून म्हणाला, "हो साहेब, सुट्टी कधीपासून घेऊ?" लोक खो-खो हसले. मग इंजिनिअर छताकडे बघत राहिले. शेवटी ते गर्दीतून वाट काढत माईंपाशी गेले, वाकले, आणि त्यांच्या कानाशी ओरडले, "आजी, नाही पाडत!"

"काय?" माई म्हणाल्या.

इंजिनिअर पुन्हा मधली सगळी माणसं ओलांडून आप्पांच्या कोपऱ्यात गेले आणि हळूच म्हणाले, "नाही पाडत."

माईंनी मान डोलावली.

बसगाड्यांसाठी पलीकडची टायरांची जागा साफ करण्यात आली. ती कोणालाच आधी सुचली नव्हती, कारण तिथे टायर होते. वारसा कक्षाने थोड्याच दिवसांत कळवलं की सदर स्थळ आता परिचित झाल्याने ते अपरिचित स्थळांतून वगळण्यात येत आहे. आप्पांनी 'वगळण्यात'मधला 'ळ' बरोबर आहे याची खात्री करून घेतली आणि कागद परिपत्रकांना भेट दिला. नाव मात्र कायम राहिलं. नव्या दगडी पाटीवरही तेच कोरलं गेलं आणि कोरणाऱ्याने त्यात एक वेलांटी चुकवली. आप्पांनी ती पाहिली, खिशातली पेन्सिल काढली, परत ठेवली, आणि आत माई वाट बघत होत्या म्हणून आत गेले.

त्यानंतर पाच वर्षं दोघं रोज घुमटात जात राहिले. आप्पा सहाव्या वर्षी उन्हाळ्यात, दुपारच्या झोपेत वारले. माई त्यांच्यामागे तीन वर्षांनी, थंडीच्या सुरुवातीला, मुलीच्या घरी वारल्या.